सतरा शेळ्यांचे डोळे

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या चोरीतला मुद्देमाल कुठल्या गावात सापडला, हे मला आता नीट सांगता येणार नाही. पण नवरात्राच्या दिवसांत एका सकाळी ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या शेळ्या मला अजून जशाच्या तशा दिसतात. त्या सगळ्यांनी माना वर धरल्या होत्या. शेळी नव्या जागी आली की आधी जमीन हुंगते, कुंडीतलं रोप ओरबाडते, भिंतीवर पाय देऊन कडुनिंबाची फांदी ओढते. या शेळ्या हलत नव्हत्या. एक पुढे सरकली आणि उभ्या जीपच्या चाकावर तोंड आपटून थांबली. बाजूला वळली नाही. चाकाला नाक लावून तशीच उभी राहिली.

त्या वेळी नांदेड जिल्ह्याच्या किनवटकडच्या डोंगराळ पट्ट्यात एका लहान ठाण्याचा मी प्रभारी होतो. हुद्दा सहायक पोलीस निरीक्षक. ठाण्याचं, गावाचं आणि माणसांचं नाव इथे लिहीत नाही. निम्मा स्टाफ माहूरला देवीच्या बंदोबस्ताला गेला होता. ठाण्यात मी, एक जुना हवालदार, दोन शिपाई आणि वायरलेसवर एक जण, एवढेच होतो. माझी चिडचिड वाढलेली होती. हे कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा तसं होतं म्हणून सांगतो.

शेळ्या घेऊन आलेली बाई चाळिशीची असेल. नवरा हैदराबादकडे ट्रकवर, सणावारालाच घरी येणारा. दोन पाटींपासून, म्हणजे न व्यालेल्या लहान शेळ्यांपासून, तिनं बावीस शेळ्यांचा कळप वाढवला होता. सतरा शेळ्यांच्या गळ्यांत दोऱ्या घालून, सगळ्यांची टोकं एका काठीला बांधून तिनं त्या चार किलोमीटर ओढत आणल्या होत्या. तिच्या तळहाताची सालटं निघाली होती.

"साहेब, मपल्या शेळ्यांचे डोळे काढले," ती म्हणाली. "दोन तर नाल्यात पडून मेल्या. ह्या बगा, ह्या एकीला बी दिसत न्हाई."

"कोणी काढले?"

"मपल्या चुलत दिरानं. सगळ्या गावाला मालूम हाय."

दिराचं रान तिच्या गोठ्याला लागून होतं. पावसाळ्यात तिच्या शेळ्या दोनदा त्याच्या कापसात शिरल्या होत्या. दुसऱ्या वेळी तो मारुतीच्या पारासमोर, चारचौघांत ओरडला होता, "पुन्हा ही शेरडं मपल्या रानात दिसली तर एकेकीचे डोळे फोडून टाकीन!" ते ऐकणारे दहा जण तरी होते. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत शेळ्या आंधळ्या झाल्या.

मी फिर्याद नोंदवून घेतली. जनावरांना अपंग केल्याचं कलम लावलं, स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि शेळ्यांच्या तपासणीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्र दिलं. तिथल्या डॉक्टर रजेवर होत्या. दवाखान्यातल्या परिचरानं लांबूनच शेळ्या पाहिल्या आणि 'जनावरांना दिसत नाही' अशी एक ओळ लिहून सही केली. मला तेवढा कागद पुरेसा वाटला.

त्याच दुपारी खबर आली. गावात पंक्चर काढणारा एक जण आमचा जुना खबऱ्या होता. तो फोनवर हळू आवाजात म्हणाला, "साहेब, त्याला म्या सवता पाह्यलं. गोठ्याच्या मागं रुईचं झाड मोडून राहिला व्हता."

"कधी?"

"मागच्या शनवारी. सकाळच्यालाच."

रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो, हे आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं. धमकी होती, वाद होता, रुई होती आणि ती तोडताना पाहणारा साक्षीदार होता. अर्ध्या दिवसात गुन्हा उघड झाला, असं मी मनाशी म्हणालो. तपासात सगळं असं भराभर जुळत जातं, तेव्हा माणसाला फार बरं वाटतं. ते बरं वाटणंच धोक्याचं असतं, हे मला कळलं, पण नंतर.

दिराला संध्याकाळच्या आत आणलं. पंचेचाळीसच्या आसपासचा, काटक, कमी बोलणारा शेतकरी. कापसाच्या रानातून तसाच आला होता. सदऱ्याला कापसाचे धागे चिकटलेले. खुर्चीवर बस म्हटलं तर तो खाली बसला.

"शेळ्यांना काय केलंस?"

"काय बी न्हाई केलं साहेब."

"डोळे फोडीन म्हणाला होतास ना?"

"रागात म्हणलो. पीक खाल्लं की माणूस म्हणतंच."

"शनिवारी रुई कामून तोडली?"

"शनवारी मारुतीला माळ घालतो मी. कायमच घालतो. पुजाऱ्याला इचारा ना."

रुईच्या पानांची माळ मारुतीला शनिवारी घालतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझी आईही घालायची. पुजाऱ्याला विचारायला शिपाई पाठवणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. मी पाठवला नाही. उलट म्हणालो, "मग बघू, मारुती सोडवायला येतो का तुला." हवालदार हसला. मीही हसलो.

तास-दीड तास तो तेच सांगत राहिला. न्हाई साहेब, न्हाई साहेब. मग मी उठलो आणि त्याला दोन थपडा मारल्या. काठी वापरली नाही, कोंडून मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. दोनच थपडा. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो, दोनच.

पहिली गालावर बसली. तो मान खाली घालून बसला होता. दुसरी मारली तेव्हा त्यानं मान थोडी फिरवली आणि ती डाव्या कानावर बसली. तो कानावर हात धरून बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्या केलं."

"कसं केलं?"

"तुमी सांगाल तसं."

मला तो उद्धटपणा वाटला. मी हवालदाराकडे पाहिलं. हवालदार म्हणाला, "पानं तोडून चीक वाटीत धरलास ना?" त्यानं होकारार्थी मान हलवली. "आणि शेळ्या गोठ्यात बांधलेल्या असताना डोळ्यांत घातलास?" त्यानं पुन्हा मान हलवली. हवालदारानं जबाब लिहून काढला. दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन आम्ही त्याला रानात नेलं. त्यानं रुईचं झाड दाखवलं, आम्ही पंचनामा केला. त्या बांधावर रुईची सहा-सात झाडं होती. पंचांपैकी कोणीही ती दाखवली असती.

कोर्टात उभं केल्यावर मॅजिस्ट्रेटनी नेहमीप्रमाणे विचारलं, "पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?" प्रश्न त्यांनी दोनदा विचारला, कारण पहिल्या वेळी त्यानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदा त्यानं मान हलवून नाही म्हटलं. पहिल्या वेळी त्याला प्रश्न ऐकूच आला नसावा, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली.

कोठडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या डॉक्टरांचा फोन आला. त्या लातूरकडच्या, पस्तिशीच्या, एकट्या तीन दवाखान्यांचा कारभार पाहणाऱ्या. रजेवरून आदल्या दिवशीच परतल्या होत्या. त्यांनी स्वतःची ओळख सांगितली आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"साहेब, शेळ्यांचे डोळे घालवणारा माणूस तुमच्या लॉकअपमध्ये आहे असं ऐकलं."

"हो. कबूल झालाय."

"मग माझ्या दवाखान्यासमोर काल दुपारपासून नऊ शेळ्या आंधळ्या होऊन उभ्या आहेत. त्यांचं गाव तुमच्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. तो माणूस काल कुठं होता?"

मी अटकेची तारीख पाहायला डायरी पुढे ओढली. त्याच म्हणाल्या, "मला तुमच्या फिर्यादीच्या शेळ्या बघायच्यात. आत्ता."

तासाभरात आम्ही त्या बाईच्या गोठ्यात होतो. शेळ्या दावणीला बांधलेल्या. चारा समोर पडलेला होता, पण तोंडाला लावल्याशिवाय त्या खात नव्हत्या. बाई एकेकीच्या तोंडात पाल्याची मूठ धरत होती.

डॉक्टरांनी एका शेळीचं डोकं मांडीवर घेतलं, पापणी वर केली आणि मला जवळ बोलावलं. "साहेब, इकडं या. डोळा बघा. काय दिसतंय?"

"काही नाही. स्वच्छ आहे."

"हो ना? चीक घातला असता तर डोळा सुजला असता, लाल झाला असता, पाणी गळालं असतं. दोन-तीन दिवसांत वर पांढरी साय आल्यासारखं झालं असतं. हा डोळा बाहेरून शाबूत आहे." त्यांनी टॉर्च लावला. बाहुली मोठी पसरलेली होती आणि उजेड पडूनही आकसली नाही. "आतली नस गेली आहे. हे बाहेरून कोणी केलेलं नाही. पोटातून आलंय."

मी पहिल्याच दिवशी त्या शेळ्यांपासून हातभर अंतरावर उभा होतो. बाईचा तळहात मी पाहिला, शेळ्यांच्या वर धरलेल्या माना पाहिल्या, पण एकाही शेळीच्या डोळ्यात वाकून पाहिलं नाही. डोळे फोडल्याच्या गुन्ह्यात मी डोळेच पाहिले नव्हते.

डॉक्टर बाईकडे वळल्या. "मावशी, बावीस होत्या ना? दोन मेल्या, सतरा ह्या. राहिलेल्या तीन कुठं आहेत?"

"त्या चांगल्या हायत की. रानात सोडल्यात. एक करडू हाय लहान, अन् दोन गाभण."

"त्यांना का नाही झालं काही?"

"आता ते मला काय मालूम?" बाई म्हणाली, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखी पुढे म्हणाली, "गाभणीला अन् लहान करडाला पाजायचं न्हाई म्हणला व्हता, म्हणून ती तिन्ही बाजूला बांधली व्हती तवा."

"काय पाजायचं नाही?"

"जंताचं औषध. पाजून गेला न्हाई का तो? आठ दिसानं पुन्हा आला, दुसऱ्या डावाला."

डॉक्टरांनी शेळीचं डोकं हळूच खाली ठेवलं.  मग बाईच्याही लक्षात आलं. तिनं हातातला पाला टाकून दिला आणि भिंतीला टेकून खाली बसली. "म्याच धरल्या व्हत्या त्यांच्या जिभा," ती म्हणाली. "तो पाजत व्हता अन् म्या तोंडं धरली व्हती."

तिची फिर्याद घेताना मी तिला दिराबद्दल वीस प्रश्न विचारले होते. शेळ्यांना त्या महिन्यात काय खाऊ घातलं, काय पाजलं, हा एकही प्रश्न विचारला नव्हता.

औषध पाजणारा मोटारसायकलवर गावोगाव फिरणारा खासगी माणूस होता. गावकरी त्याला डॉक्टरच म्हणत. त्याच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नव्हतं. पूर्वी एका डॉक्टरांच्या हाताखाली चार वर्षं पेटी उचलली, एवढंच शिक्षण. पण हाक मारली की येणारा तोच होता. सरकारी डॉक्टर तीन दवाखान्यांत वाटलेल्या, आणि हा दाराशी. दुसऱ्या गावातल्या नऊ शेळ्यांनाही त्यानंच पाजलं होतं. आम्ही त्याच्या घरी गेलो तर तो मुदखेडला बहिणीकडे गेल्याचं कळलं. मुदखेडला जाऊन त्याला आणलं. त्यानं विरोध केला नाही. बहिणीच्या ओसरीवर बसला होता, आम्हाला पाहून स्वतःच चपला घातल्या.

या वेळी चौकशीच्या खोलीत मी डॉक्टरांना बसवलं. टेबलावर त्याच्या पेटीतून निघालेल्या दोन बाटल्या ठेवल्या, एक जुनी, जवळजवळ रिकामी आणि एक नवी अर्धी. दोन्हींतल्या औषधाचा रंग एकच होता. मी त्याला सुई नसलेली त्याचीच सिरिंज दिली आणि पाण्याचं भांडं पुढे सरकवलं.

"शेळीला किती पाजतोस, दाखव."

त्यानं पाणी ओढलं. एका रेघेपर्यंत आलं, मग थोडं आणखी ओढलं.

"ते वरचं कशाला?"

"सवय हाय साहेब. थोडं जास्त दिलं की जंत पक्के मरत्यात."

डॉक्टरांनी जुनी बाटली उचलून लेबल वाचून दाखवलं, मग नवी. नव्या बाटलीतलं औषध तिप्पट तीव्र होतं. नेहमीची बाटली दुकानात संपली होती, दुकानदारानं हीच चालते म्हणून ही दिली. लेबलवर वजनाप्रमाणे मात्रा लिहिलेली होती. त्यानं लेबल पाहिलंच नव्हतं. तिप्पट औषध, त्यावर सवयीचं थोडं जास्त, आणि आठ दिवसांनी तेच पुन्हा.

"तुला कळलं कधी?" मी विचारलं.

तो बराच वेळ सिरिंज हातात फिरवत राहिला. "दुसऱ्या डावाला गेलो तवाच. एक शेळी भिताडाला धडकली. म्या म्हणलं, असंल काहीतरी. अन् मग चार दिसानं सगळ्याच म्हणून ऐकलं. तवा कळलं."

"मग बोलला का नाहीस? एक माणूस लॉकअपमध्ये बसला होता. तुला ठाऊक होतं."

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "साहेब, दोन दिस झोप न्हाई आली मला. मग ऐकलं की पोलिसांनी त्याला धरलं अन् तो कबूल झाला. तवा म्या मनाला म्हणलं, म्हणजे त्यानंच केलं असंल. आपल्या औषधानं न्हाई झालं. पोलीस काय उगंच धरत्यात का कुणाला?"

हवालदार खिडकीबाहेर पाहू लागला. डॉक्टरांनी बाटल्या पेटीत ठेवायला घेतल्या. मी जबाबाचा कागद पुढे ओढला आणि लिहू लागलो.

दुसऱ्या दिवशी दिराविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात दिला आणि त्याला सोडलं. बाईला निरोप न धाडताही ती ठाण्यात आली होती. तो पायऱ्या उतरत असताना ती डावीकडून त्याच्याजवळ आली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती खालमानेनं म्हणाली, "भाऊजी, चुकलं माझं. म्या न बगताच तुमचं नाव घेतलं."

तो पुढे चालत राहिला. बाई रडायला लागली. तिला वाटलं, तो बोलत नाही. तेव्हा त्याला तिची चाहूल लागली असावी. तो थांबला, वळला आणि म्हणाला, "वैनी, ह्या बाजूनं ऐकू येऊन न्हाई राहिलं. इकडून बोल." आणि त्यानं उजवा कान पुढे केला.

बाई वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली आणि तेच शब्द पुन्हा बोलली. मी ठाण्याच्या दारात उभा होतो.

त्याला मी त्याच दिवशी नांदेडला कानाच्या डॉक्टरकडे नेलं, सरकारी गाडीतून नाही, माझ्या मोटारसायकलवरून. कानाचा पडदा फाटलेला होता. डॉक्टरनी त्याला विचारलं, "कशानं झालं?" मी शेजारी गणवेशात उभा होतो. तो म्हणाला, "पडलो." डॉक्टरनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कागदावर 'पडल्याने' असं लिहिलं. मी तो शब्द खोडा असं म्हटलं नाही. 

शेळ्यांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. दृष्टी परत येणार नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. दुधाच्या नाहीत, चरायला जाता येत नाही, मग बाईला वाटलं निदान कापायला तरी द्याव्यात. डॉक्टरांनी तेही थांबवलं. औषध अंगात मुरलेलं होतं, महिनाभर मांस खायला चालणार नव्हतं. महिनाभर तिनं सतरा आंधळ्या शेळ्या हातानं भरवल्या. पाच मेल्या. एक रोज चाऱ्यासाठी ओरडायची आणि पुढ्यातला चारा तिला सापडायचा नाही. महिना संपल्यावर खाटीक आला तेव्हा बाई घरात जाऊन बसली, असं पोलीस पाटलानं मला सांगितलं.

डॉक्टरांनी त्यांच्या खात्याला औषधाच्या दुष्परिणामाचा अहवाल पाठवला. त्यासाठी एक छापील फॉर्म असतो. त्यांनी तो माझ्यासमोर भरला, कारण ठाण्यातल्या जबाबांच्या प्रती त्यांना जोडायच्या होत्या. जनावर कोणतं, वय काय, अंदाजे वजन किती, कोणतं औषध, कोणत्या बाटलीतलं, किती दिलं, कोणत्या दिवशी दिलं, त्रास किती दिवसांनी सुरू झाला, ज्यांना दिलं नाही त्यांचं काय झालं. मी तो फॉर्म हातात घेऊन दोनदा वाचला. 'कोणावर संशय आहे' असा रकाना त्यात कुठेच नव्हता. माझ्या फिर्यादीत तो रकाना तिसऱ्याच ओळीला होता आणि एकदा तो भरला की मी पुढचं सगळं त्याच्याच बाजूनं वाचत गेलो.

"असे अहवाल फार येत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "जनावर मेलं की माणसं नजर लागली म्हणतात, नशीब म्हणतात, नाहीतर शेजाऱ्याचं नाव घेतात. औषधाचं नाव कोणी घेत नाही. औषध देणारा तर नाहीच." त्यांनी चौकशी वाढवली तेव्हा आणखी दोन गावांत आणि शेजारच्या जिल्ह्याच्या हद्दीवरच्या एका वाडीवर अशा शेळ्या निघाल्या. लोकांनी त्या गुपचूप विकल्या होत्या. एका घरात तर सुनेच्या पायगुणाला बोल लावून तिला माहेरी धाडलं होतं. अहवाल गेल्यावर सुनेच्या वडिलांनी त्याची एक प्रत मागून घेतली.

औषध पाजणाऱ्यावर विनापरवाना उपचार आणि निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. खटल्यात त्याला शिक्षा झाली. दुकानदारावर औषध खात्यानं कारवाई केली. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. वरिष्ठांनी गुंतागुंतीचा गुन्हा कौशल्यानं उघड केल्याबद्दल प्रशंसापत्र दिलं, ते माझ्या सेवापुस्तकात लावलेलं आहे. दिराच्या कानाबद्दल मात्र कुठल्याही कागदावर एक शब्द नाही. स्टेशन डायरीतल्या त्या दिवशीच्या नोंदीत 'आरोपीची विचारपूस केली' एवढंच आहे. ते अक्षर माझं आहे.

निवृत्त झाल्यावर एकदा बायकोला घेऊन माहूरला गेलो होतो. परतताना मी गाडी मुख्य रस्ता सोडून त्या गावाकडे वळवली. बायकोनं का म्हणून विचारलं, मी काही सांगितलं नाही. तो घरासमोर वेचलेल्या कापसाची पोती शिवत बसला होता. मला ओळखायला त्याला एक क्षणही लागला नाही. उठला, बाज टाकली, घरात चहा सांगितला. मी बसलो तेव्हा तो उठून माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला, उजवा कान माझ्याकडे करून.

मी माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या आरोपीची. शब्द नीट जमले नाहीत, पण मागितली. तो सुईत सुतळी ओवत राहिला. माझं बोलून झाल्यावर म्हणाला, "साहेब, एक इचारू का?"

"विचार."

"तुमची पहिली चापट बसली तवाच मी कबूल व्हणार व्हतो. तोंड उघडलंच व्हतं. मग दुसरी कामून मारली?"

 आतून माझी बायको, तिच्याशी बोलणारी त्याची घरवाली, कपबशांचा आवाज, सगळं ऐकू येत होतं. तो उत्तराची वाट पाहत होता, पण घाई करत नव्हता. चहा आला, तो आम्ही प्यालो आणि मी उत्तर न देताच निघालो.

नव्यानं भरती झालेली पोरं कधी भेटायला येतात, तपासाचं काही विचारतात. त्यांना मी सांगतो, आधी जे समोर आहे ते वाकून बघा, संशयिताचं नाव सगळ्यात शेवटी लिहा, आणि जो माणूस 'तुम्ही सांगाल तसं' म्हणतो त्याचा जबाब फाडून टाका. हे सगळं खरं आहे आणि उपयोगाचंही आहे. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर यात नाही. ते मी त्यांना सांगत नाही, इथे लिहितो. पहिली थप्पड मी तपासासाठी मारली, असं मला अजून स्वतःला सांगता येतं. दुसरी मारली, कारण पहिलीनंतर त्या खोलीत मला कोणीही थांबवलं नाही, आणि मी स्वतःही थांबलो नाही.